खरखर कंपनीचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना, दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आहे. एका कप्प्यात भरलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. ऐकता ऐकता नक्कल तयार! सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एका खोलीत 'खरखर' नावाची कॅसेट कंपनी होती. कंपनी म्हणजे कोण? सायकलमिस्त्री, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आमची ताई, आणि मी.

मिस्त्री चाकाच्या तारांवर कंगवा फिरवत, बादलीत साखळी घोळवत. ताई खर्जात एकच सूर धरून बसे, श्वास पुरेल तोवर.

"याला संगीत म्हणतात होय?" शेजारीण विचारी.

"कुणी म्हणत नाही, म्हणून तर आम्ही करतो!" मिस्त्री म्हणत.

आमच्या कॅसेटी दुकानात मिळत नसत. या हातातून त्या हातात जात. प्रत्येक नक्कल मी केलेली. काय मान होता माझा!

मग ताईची एकटीची कॅसेट निघाली. पत्रं आली, तीही कौतुकाची: 'मांजराच्या पिल्लाचा आवाज झकास काढलात, हसून पोट दुखलं.' ताईने पत्रं घडी करून ठेवली आणि गाणं सोडलं. तिच्यामागे कंपनीही बसली. मी माळ्यावर गेलो, टायरांखाली.

वर्षं लोटली. परवा ताईच्या मुलीला ती कॅसेट सापडली. दुसऱ्या यंत्रावर लावली, तर नुसती चिवचिव. ती तडक दुकानात आली.

"मामा, हा आईचा आवाज नाहीच! तिने हाक मारली की कपबशा हलतात."

मिस्त्रींनी मला खाली काढून पोट उघडलं. आतला रबरी पट्टा ढिला पडलेला.

"अरे बापरे! हा हळू चालत होता. भरलं याच्यावर, ऐकलंही याच्यावरच. इथे सगळं ठीक, लोकांच्या घरी भरधाव!"

"बाहेर कुठेच ऐकून पाहिलं नाहीत?"

"आपलं बाळ कसं दिसतं, हे शेजाऱ्याला कोण विचारतं गं?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईचा सूर मी बुडवला होता.

मिस्त्रींनी नवा पट्टा घातला, ती कॅसेट लावली, मग माझी चाल तेव्हाइतकी मंद होईतो वेगाचा स्क्रू हळूहळू मागे फिरवला. मुलगी कान लावून बसली. "अजून हळू... अजून... बस्स! हीच आई."

ताईला बोलावलं. "पुन्हा कशाला ते मेलं," म्हणत ती दारातच उभी राहिली. मग आत आली. कॅसेट शेवटपर्यंत ऐकली.

"दादा, बरा होता की रे माझा आवाज," ती म्हणाली. "कोरी कॅसेट आहे का?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांना दुखलं तरी सांगता येत नाही. अधूनमधून आमचं पोट उघडून बघत जा. आणि काही बिघडलं, तर सगळा दोष लगेच स्वतःच्या माथी घेऊ नका.

आता पुरे. मिस्त्रींनी माझा वेग पुन्हा नेमका करून लाल बटण दाबलंय, आणि ताई श्वास भरून घेते आहे.