मधमाश्यांचं औषध

अट-बाशीच्या खोऱ्यात सायकालच्या मधपेट्यांना बारीक तांबड्या गोचिडींनी गाठलं. माश्यांच्या पाठीला चिकटून त्या रक्त शोषत, आणि नव्या माश्या पंखांविनाच जन्माला येत.

"विकून टाकू पेट्या," तिचा नवरा ओस्मोन म्हणाला. "मेंढ्या बऱ्या. निदान चावत तरी नाहीत."

"मेंढ्या मध देतात का कधी?" सायकाल म्हणाली. "मला एकदा बघू तरी द्या."

जनावरांच्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं की डोंगरावरच्या रानओव्याच्या तेलाने या गोचिडी गळतात. पेटीला किती घालायचं, ते मात्र त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. हंगामाचा शेवटचा मध काढून झाल्यावर सायकालने पोतंभर रानओवा आणला आणि सासऱ्याची दारू गाळायची भट्टी अडगळीतून काढून तेल गाळायला पेटवली.

धूर दिसताच शेजारचे शारशे आजोबा खारवलेल्या काकड्यांची वाटी घेऊन हजर.

"सूनबाई, वास नवा आहे गं!"

"दारू नाही आजोबा, माश्यांचं औषध आहे."

"असू दे, असू दे," म्हणत त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "अगं, यानं गोचिडीच काय, माझी कवळीसुद्धा गळेल!"

सायकाल हसली, पण उत्साहाच्या भरात स्वतःच चुकली. तेलात चिंब बुडवलेली फडकी तिने सगळ्या पेट्यांत ठेवली. तासाभरात साऱ्या माश्या बाहेर पडल्या आणि सफरचंदाच्या झाडाला घोसाघोसांनी लटकल्या.

"गोचिडी राहिल्या घरात, मालक रस्त्यावर," ओस्मोन म्हणाला. तिचा पडलेला चेहरा पाहून मात्र त्याने जास्त चेष्टा केली नाही. त्याने जाळीचा बुरखा चढवला आणि तिच्यासोबत एकेक पेटी उघडून फडकी काढली. ऊन उतरलं तशा माश्या कुरकुरत परतल्या.

मग तिने दमानं घेतलं. सूर्यफुलाच्या तेलात रानओव्याच्या तेलाचे चारच थेंब घालून फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, एकाच पेटीत ठेवलं आणि गळलेल्या गोचिडी चिकटाव्यात म्हणून तळाशी चरबी फासलेला पांढरा कागद सरकवला. शेजारच्या पेटीत नुसताच कागद घातला, तुलनेला.

सकाळी दोघं वाकून बघत होते. नुसत्या कागदावर तुरळक ठिपके होते. औषधाच्या कागदावर मात्र मोहरी सांडावी तशा गोचिडी पडल्या होत्या. माश्या वर शांतपणे गुणगुणत होत्या.

"सगळ्या गेल्या?" ओस्मोनने विचारलं.

"छे! पोळ्याच्या बंद घरांत, अळ्यांपाशी दडलेल्या आहेतच. पुन्हा घालावं लागेल."

"घाल की. मेंढ्यांची घाई कुणाला आहे?"

बर्फ पडेपर्यंत तिने सगळ्याच पेट्यांना ते औषध जपून दिलं. हिवाळ्यात दोन पेट्या गेल्याच; त्या फार आधीच खंगल्या होत्या. उरलेल्या जगल्या. वसंतात पहिली ऊब येताच माश्या ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांवर, त्यांच्या फुलांकडे सुटल्या. सायकाल पायरीवर बसून चहा पीत होती. ओस्मोन शेजारी येऊन टेकला. एक माशी त्याच्या बाहीवर उतरली, पाय पिवळ्या परागाने भरलेले. त्याने हात हलू दिला नाही. ती विसावा घेऊन उडेपर्यंत तो तसाच बसून राहिला.