चिंगीच्या दोन वेण्या

दचकू नका. मेकअपच्या टेबलावर केसांचा पुंजका बसलेला दिसला की माणसं दोन पावलं मागे सरतात, आणि ती सरली की मीही दचकतो. मी केसांचा टोप. दोन वेण्या, लाल फिती, कपाळावर झुलपं. तुम्ही मला नक्की पाहिलंय, फक्त तेव्हा माझ्याखाली एक मुलगी होती.

माझा जन्म एका कात्रीमुळे झाला. सहा वर्षांची ती मुलगी टीव्हीवरच्या मालिकेत चिंगीचं काम करायची. फिती करकचून बांधल्या की तिचं डोकं दुखे. तिसऱ्या आठवड्यात तिने पडद्याआड जाऊन दोन्ही वेण्या कापल्या आणि आईच्या पर्समध्ये नीट ठेवून दिल्या. नेमका निम्मा प्रसंग चित्रित झालेला. दाराबाहेर वेण्या असलेली चिंगी दाराच्या आत बिनवेण्यांची कशी येणार? मग एका कारागिराने आठ दिवस मान मोडून, बारीक हुकाने जाळीत एकेक केस गाठवला, आणि मी तयार झालो.

"केस वाढेपर्यंत चालवू, दोनेक महिने," दिग्दर्शक म्हणाले.

मी आठ वर्षं चाललो.

त्याचं कारण, मी वाढत नव्हतो. मुलगी वाढत होती, ही मालिकेची मोठीच अडचण. लेखकाने दरवर्षी चिंगीचा वाढदिवस लिहिला आणि दरवर्षी केकवर सातच मेणबत्त्या लावल्या. मुलगी उंच झाली तेव्हा टेबलं-खुर्च्या उंच करून घेतल्या. तेराव्या वर्षी तर ती मालिकेत बसूनच असायची. आईंना कुणी विचारलं, "लेक कितवीत आहे हो?" तर त्या आधी विचारून घेत, "मालिकेत की घरी?"

चिंगी गायचीसुद्धा. म्हणजे मुलगी ओठ हलवायची. गळा चाळिशीतल्या एका बाईंचा. त्या नाक चिमटीत धरून लहान मुलीचा आवाज काढायच्या. मी मात्र मुलीच्या कानांवर घट्ट बसलेला, त्यामुळे तिचं मधल्या वेळेतलं गुणगुणणं मला आतून ऐकू येई. खालच्या पट्टीतला, जाडसर, जरा खरखरीत आवाज. मला तो आवडे. आईंना नाही.

"इतकं खाली नको गं गाऊस, बाळा. दमलेल्या बाईसारखं वाटतं."

"मी दमलेच आहे ना पण."

मालिका संपली. केशभूषा करणाऱ्या ताईंनी मला घरी नेलं. महिन्यातून एकदा अंघोळ, एरवी खोक्यात अंधार. मला वाटलं, सुटलो. पण एकोणिसाव्या वर्षी मुलगी पॉप गायिका झाली आणि गाण्याच्या कंपनीतून मला बोलावणं आलं.

तिथे मीटिंगच्या खोलीत भिंतभर तक्ता होता. वर लिहिलेलं, 'कलात्मक प्रवास'. पहिलं वर्ष बंड, दुसरं वेदना, तिसरं परिपक्वता. वेदना सहा महिने पुढे ढकलली होती, कारण प्रायोजक टूथपेस्टवाले होते. बंड मात्र एकवीस तारखेला सकाळी नऊला करायचं ठरलं होतं, नाश्ता करून यावे अशी सूचनाही होती. कसलं बंड? तर पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत मुलगी मला पेटवणार.

माझी जाळी सैल झाली. ताई पुढे सरसावल्या. "अहो, हा खऱ्या केसांचा आहे. जळला की वास सुटेल. आणि रीटेक आला तर?"

वासाचं नाही, पण रीटेकचं कंपनीच्या मॅनेजरना पटलं. नायलॉनच्या सात नकला आल्या. त्या धड पेटेनात, वितळून ठिबकत राहिल्या. बंड कमी आणि सांडलेला मुरांबा जास्त दिसू लागला. सातवी नक्कल गेल्यावर व्हिडिओचे दिग्दर्शक माझ्याकडे बघू लागले.

मला मुलीच्या डोक्यावर चढवलं. तिच्या हातात काडेपेटी. स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि मी जागच्या जागी ताठरलो. शब्द होते, मी आता तुमची लाडकी नाही वगैरे, पण आवाज हुबेहूब चिंगीचा. कंपनीने मुलीचा आवाज कॉम्प्युटरवर वर खेचून पातळ केला होता. लोकांनी ओळखायला नको का.

मुलीने काडी ओढलीच नाही. "सर, हा माझा आवाज नाही," ती मॅनेजरना म्हणाली.

"तुझाच आहे गं. जरा इस्त्री केलीय."

"मग जाळायचा तर तो जाळा ना. या टोपाने काय केलंय?"

"आवाज जळताना दिसत नाही," मॅनेजर शांतपणे म्हणाले.

मुलीने काडेपेटी त्यांच्या हातात ठेवली. शेवटी मॅनेजरनी तोड काढली. तिने एक कार्यक्रम स्वतःच्या आवाजात करावा. लोक बसून राहिले, तर पुढची सगळी गाणी तिच्या पट्टीत. उठून गेले, तर मुकाट्याने चिंगीच्या.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्या गाण्याला लोक एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्याला मागून कुणीतरी ओरडलं, "चिंगी, वेण्या घाल!" मग बऱ्याच जणांनी तेच धरलं. मॅनेजरनी ताईंकरवी मला रंगमंचावर धाडलं. मुलीने मला हातात घेतलं. मी सवयीने तिच्या कानांवर बसायच्या तयारीत, आणि तिने मला माइकच्या दांडीवर अडकवलं.

"आली चिंगी," ती लोकांना म्हणाली. "आता तिलाही ऐकू द्या."

आणि ती गायली, खालच्या पट्टीत. चाळीसेक जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले. पहिल्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या, की चष्मा, ते मला त्या उजेडात नीट दिसलं नाही.

मॅनेजर शब्दाला जागले. फक्त तक्त्यावर त्यांनी एक चौकोन वाढवला, 'स्वीकार', आणि त्यात मला टाकलं. तेव्हापासून दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमात मी दांडीवर. ती भूतकाळाशी संवाद साधते, असं पेपरात छापून आलं. मी काही संवाद साधला नाही. मला दिव्यांनी घेरी यायची. केस गळू लागले. तरी लोक आधी माझे फोटो काढत, मग तिचे.

काल संध्याकाळी मात्र कुणी मला न्यायलाच आलं नाही. ताई सुट्टीवर होत्या. भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं तेव्हा माझा जीव खालीवर. आता कुणीतरी धावत येईल, आता ओरडा सुरू होईल. आल्या त्या आई, शाल विसरल्या म्हणून. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला, मला उचललं आणि दारापर्यंत जवळजवळ धावल्या.

दारात त्या थबकल्या. हॉलमधले लोक मुलीबरोबर गात होते, तिच्याच पट्टीत. चिंगीचं नाव कुणी घेत नव्हतं.

आईंनी मला परत टेबलावर ठेवलं, फिती सारख्या केल्या आणि दिवा मालवून गेल्या. शाल इथेच राहिली.

मी अजून इथेच आहे. कार्यक्रम संपला, गाडी गेली, मुलीला माझी आठवण झालेली नाही. तुम्हाला एकच विनंती. शाल तेवढी आईंकडे पोचवा. टोपाचं कुणी विचारलंच, तर सांगा, खोलीत काही नव्हतं.