शून्य कोणाच्या गावात?

जिल्हा परिषद नवीकोरी होती आणि हायस्कूल एकच मिळणार होतं, म्हणून वरखेड आणि बोरगाव यांनी कधी नव्हे ते एका अर्जावर सह्या केल्या : शाळा दोन्ही गावांपासून सारख्या अंतरावर व्हावी. जागा काढून द्यायचं काम वरखेडच्या जानराव मास्तरांच्या गळ्यात पडलं. मास्तरांनी ते आनंदानं पडू दिलं. त्यांची पुष्पा सातवी पास होऊन घरी बसली होती, आणि पुढची शाळा बारा मैलांवर, नांदुऱ्याला. अडीच मैल ती हसत चालली असती.

दोन गावांत सरळ रेषेत पाच मैल. मास्तरांनी आलेखाचा कागद घेतला, एक घर म्हणजे अर्धा मैल धरलं, वरखेडच्या मारुतीवर आरंभबिंदू ठेवला. बोरगाव आलं आठ आणि उणे सहा. बेरजेचे निम्मे केले, मध्यबिंदू निघाला थेट गफ्फारभाईच्या पडीक रानात. गफ्फारभाई पाच एकर फुकट द्यायला तयार. पाऊण तासात काम फत्ते.

बैठकीत वरखेडचे सरपंच महादेवराव कागदावर वाकले. "काऊन हो मास्तर, आमच्या गावापुढं शून्य?"

"मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते."

"मंग दुसरीकून करा. चार हजार वस्तीचं गाव, अन् शून्य!"

"तुमचं शून्य तरी बरं," बोरगावचे हिंमतराव कडाडले. "आमच्यावर तर उणे टाकलं यानं. आम्ही का कोणाचं देणं लागतो?"

मास्तरांनी दुसरा कागद काढला. शून्य बोरगावात. आता उण्याचं चिन्ह वरखेडवर गेलं आणि महादेवराव बैठकीतून उठून गेले. मध्यबिंदू जिथल्या तिथं, गफ्फारभाईच्या रानात. हे मास्तरांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांचा घसा बसला.

"जागा तीच हाय ना, मालक?" गफ्फारभाईनं हिंमतरावांना विचारलं.

"जागेचं कोण बोलून राह्यलं बे? इज्जतीचं चालू हाय."

अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली. मास्तर उन्हातान्हात रान तुडवत राहिले आणि शेवटी त्यांना म्हसोबाचा माळ सापडला. तिथं ना घर, ना झाड, ना मत. शून्य म्हसोबाच्या दगडावर ठेवलं की वरखेड दोन आणि अकरा, बोरगाव दहा आणि पाच. उणे कोणीच नाही. शिवाय दगडापासून दोन्ही गावं सारखीच लांब, साडेपाच मैलांच्या थोडी पुढं, म्हणजे त्यावरूनही भांडण नको. निम्मे केले : सहा आणि आठ. गफ्फारभाईचं रान.

"आता कसं!" महादेवराव म्हणाले. दोघांनी सह्या ठोकल्या. मास्तरांनी आरंभबिंदू ठसठशीत दिसावा म्हणून लाल शाईनं गिरवला आणि कागद स्वतः बुलढाण्याला पोचवला.

दीड महिन्यानं मंजुरी आली. साहेबांनी नकाशा पाहिला होता. त्यात दोन्ही गावांपासून सारख्या अंतरावर एक ठळक लाल ठिपका होता. मागणीत तंतोतंत बसणारा. शाळा म्हसोबाच्या माळावर मंजूर.

मास्तर धावत महादेवरावांकडे गेले. "फेरअर्ज करू. ती मधली जागा नाही!"

"सारखं अंतर हाय ना?"

"आहे, पण..."

"बोरगावले जवळ नाही पडत ना? मंग बस की." बोरगावात हिंमतरावांनीही वरखेडबद्दल हेच विचारलं आणि वर साखर वाटली.

घरी पुष्पानं कागद हातात घेतला. बोट फिरवून घरं मोजली, पाटीवर वर्ग केले, बेरीज केली.

"बाबा, याच्यापरीस शाळा बोरगावातच झाली असती, तर मले पाचच मैल पडले असते."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. रस्त्यानं महादेवराव येत होते.

"हळू बोल," ते म्हणाले.