निळं झाकण

गाडीच्या टाकीचं निळं झाकण फिरवताना थोरलीच्या लक्षात आलं, की ते आट्यांवर वाकडंच बसवलंय. जोर लावून काढावं लागलं. कडेला वाळलेल्या युरियाची पांढरी खपली धरली होती.

"ताई, झालं का गं?" धाकटी पायरीवरून म्हणाली. मांडीवर लॅपटॉप, हातात चहा. "डॅशबोर्डवर आता दाखवतंय, अजून दोनशे किलोमीटर, मग गाडी सुरूच होणार नाही."

"झाकण नीट लावत जा."

"मी हातसुद्धा लावला नाही त्याला!"

थोरलीने झाकण बाजूला ठेवलं. हात न लावता सगळं मिळवायची धाकटीला लहानपणापासूनच सवय होती.

धाकटी आली होती चार दिवसांसाठी. निघायच्या सकाळीच गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला: धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी खराब आहे. गाडी कंपनीची, इथे टाकून जाता येईना. थोरलीने टाकी उपसली, नवं भरलं, फवारा साफ केला, दिवा विझवला. दोन दिवसांनी बॅग भरली, तर दिवा पुन्हा हजर. मग तिने सेन्सरच्या तारा तपासल्या, पेट्रोल पंपावरच्या भेसळीला शिव्या घातल्या आणि आपल्याकडचा सीलबंद डबा फोडून भरला. आज तिसरी खेप होती. घराला लागून असलेलं हे गॅरेज वडिलांचं. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात लुळा पडला, तेव्हापासून दोन्हींचं तीच बघत होती, गॅरेजचं आणि वडिलांचं.

वडील मात्र या दिव्यावर खूश दिसत होते. धाकटी आल्यापासून रोज दाढी, रोज इस्त्रीचा शर्ट. "चिमणी, आज राहतेस ना?" चहाच्या प्रत्येक कपासोबत हाच प्रश्न. चिमणी हे धाकटीचं लाडाचं नाव. थोरलीला ते उस्ताद म्हणत. ऐकायला मानाचं, पण उस्तादाच्या डोक्यावरून कुणी हात फिरवत नाही. महिन्यातून एकदा फोन करून उंटावरून शेळ्या हाकायच्या चिमणीने, आणि गोळ्या, अंघोळ, मालिश करायचं उस्तादाने. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते उगाच नाही. थोरली जळत होती. बहिणीच्या कपातला चहासुद्धा तिला आपल्यापेक्षा दाट दिसत होता, आणि दोन्ही कप तिनेच भरले होते.

खिशातला फोन वाजला. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपचा माणूस होता. विजेच्या गाड्या दुरुस्त करायचं महिनाभराचं प्रशिक्षण सोमवारपासून सुरू होणार होतं.

"तुमची जागा अजून ठेवलीय. येताय ना?"

"नाही हो जमणार. मागेच सांगितलं होतं मी."

"डिझेलवर अजून किती वर्षं काढणार?"

"घरी वडील असतात. बघणारं दुसरं कुणी असतं तर कालच आले असते."

ती हे बोलली तेव्हा वडील मागच्या खिडकीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. तिने फोन ठेवला आणि हात पुसायला फडकं शोधू लागली. ते खांद्यावरच होतं. या महिनाभरासाठी तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. गॅरेजात येणाऱ्या डिझेलच्या गाड्या कमी कमी होत चालल्या होत्या. नवं शिकली नाही, तर एक दिवस शटर कायमचं ओढावं लागणार होतं.

टाकीतला एक थेंब तिने युरियाचं प्रमाण तपासायच्या काचेवर टाकला आणि उजेडाकडे धरला. पाणचट. डब्यात उरलेल्या पाण्यातला थेंब अगदी बरोबर. म्हणजे पंपाचा दोष नाही, सेन्सरचा नाही. घरातलंच कुणीतरी टाकीत पाणी ओततंय. आणि घरात होतंच कोण? फुकटचं माहेरपण लांबवायचं असेल बाईसाहेबांना!

तिने टाकी पुन्हा भरली. "झालं. उद्या सकाळी नीघ," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं आणि जेवणं झाल्यावर टायरांच्या चळतीमागे स्टूल टाकून बसली.

आले ते वडील. उजव्या हातात पाण्याची बाटली, म्हणून काठी आणली नव्हती. गाडीला खांदा टेकवत, पाय ओढत ते झाकणापर्यंत पोचले. बाटली काखेत धरून एका हाताने झाकण उघडलं, पाणी ओतलं. परत लावताना आटे जुळेनात.

थोरली उठून पुढे आली.

"एवढी हवीय ती तुम्हाला?"

वडील दचकले. झाकण हातातच राहिलं.

"पडला असतात म्हणजे?" तिचा आवाज चिरकला. "बाबा, मी इतकी वर्षं इथे आहे. माझ्यासाठी कधी एक नट ढिला केला नाहीत."

"तुला थांबवायला काही करावंच लागलं नाही," वडील म्हणाले. "तिथेच चुकलं."

तिने त्यांच्या कोपराला आधार दिला.

"सोमवार कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"मग परवापर्यंत तिला अडकवायला नको? मागे तू फोनवर नकार दिलास, ते ऐकलं होतं मी. चिमणी आल्यावर तिला विचारलं, महिनाभर राहतेस का. म्हणाली, गाडी नेऊन द्यायचीय." त्यांनी काखेतल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. "आता गाडीच हलली नाही, तर काय करेल बिचारी?"

थोरलीने त्यांच्या हातातलं झाकण घेतलं. आटे जुळवले आणि सरळ लावलं.

आतून धाकटी डोळे चोळत आली. "ताई, मग उद्या सकाळी निघू ना नक्की?"

"नाही." थोरलीने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. "परत दिवा लागणार. आतला पंप गेलाय, मागवावा लागेल."

"किती दिवस?"

वडील गाडीच्या टपावरची धूळ निरखत होते.

"महिना," थोरली म्हणाली.

"महिना? अगं, माझं काम..."

"लॅपटॉप आहे की. कंपनीला कळव, गाडी बंद आहे म्हणून. आणि आत चल, बाबांच्या हाताचं मालिश दाखवते. खांद्यापासून सुरू करायचं, बोटांवर संपवायचं."

"रोज?"

"रोज."