मोठं अक्षर, लहान अक्षर

"हे काय विचारून राहिलं गा?" गोपिकाबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं.

संगणक बसवायला आलेला रविंद्र म्हणाला, "नावं कशी लावायची, कोणती अक्षरं सारखी धरायची, ते. आहे तेच ठेवतो, बाई. सगळे तेच ठेवतात."

"एकानं मोठ्या इंग्रजी अक्षरात नाव टाकलं अन् दुसऱ्यानं लहान अक्षरात शोधलं तं?"

"नाही सापडणार. या यंत्रासाठी ते दोन वेगळे लोक."

"मागून बदलता येते?"

"सगळं काढून पुन्हा भरा लागते."

"मंग आताच बदल."

लकडगंजातल्या त्या दवाखान्यात गोपिकाबाई सव्वीस वर्षं रुग्णांची कार्डं सांभाळत होत्या. एकोणऐंशी साली त्या आठ दिवस रजेवर गेल्या, तेव्हा बदली कारकुनानं नत्थू क्षीरसागरचं कार्ड 'क्ष'ऐवजी 'क'च्या खणात टाकलं. पुढे नत्थू तापानं फणफणत आला. कार्ड सापडलं नाही, म्हणून नवं केलं. पेनिसिलिन चालत नाही, ही लाल शाईतली नोंद जुन्यावरच राहिली. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन दिलं आणि नत्थू दगावला. त्याची बायको प्रेमिला खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "कार्ड तं होतं ना, बाई?"

रविंद्र उठून व्यवस्थापक महादेवरावांना घेऊन आला.

"गोपिकाबाई, तुम्ही तं पुढच्या महिन्यात रिटायर होता. काहून डोकं लावता?"

"मी राहीन तोवर मले ठाऊक आहे, साहेब, कोणाचं कार्ड कुठी गेलं असंल ते. मी गेल्यावर कोणाले विचारान?"

महादेवरावांनी रविंद्रला मानेनं 'कर' अशी खूण केली. गोपिकाबाई खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या. रविंद्रनं घड्याळ पाहिलं, मग यंत्राचं जाडजूड माहितीपुस्तक उघडलं. सकाळभराचं काम पुसून त्यानं पुन्हा सुरुवात केली. दुपारचा डबा तसाच राहिला.

चार वाजता त्यानं एकच नाव मोठ्या, लहान आणि मिसळ अक्षरांत टाकून पाहिलं. तिन्ही वेळा तोच माणूस समोर आला.

"आणखी एकदा," गोपिकाबाई म्हणाल्या.

चौथ्यांदाही आला.

महिन्याभरानं खिडकी नव्या यंत्रावर सुरू झाली. तो त्यांचा शेवटचा दिवस होता. रामटेकहून आलेल्या म्हाताऱ्यानं नाव सांगितलं. सवयीनं गोपिकाबाईंचा हात मागच्या खणाकडे गेला. तेवढ्यात त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीनं कळा दाबल्या आणि त्याची नोंद मोठ्यानं वाचली.

हात थोडा वेळ हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, पदर सारखा केला आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, "सापडलं, बाबाजी. बसा तुम्ही."