रोटांचे आठ दिवस

कंपनीने ग्राहक आयोगात दिलेलं उत्तर अठरा पानांचं आहे. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय. ‘तक्रारदाराच्या स्नायूंची झीज त्याच्या अंगमेहनतीच्या व्यवसायामुळे व वयोमानामुळे झालेली आहे.’ वयोमान म्हणे! माझे यजमान गिरधर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. तीस वर्षं वायरमन म्हणून अमळनेर तालुक्यातले खांब चढले. अंगमेहनतीनेच पाय जायचे होते, तर आधीची अठ्ठावीस वर्षं ते काय झोपाळ्यावर बसले होते?

पाय गेले ते पिवळ्या गोळीने. धुळ्याच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून लिहून दिली होती, रोज एक, जेवणानंतर. मी अंगणवाडी सेविका. मुलींना लोहाची गोळी देताना ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं आणि मग तोंड उघडून दाखवायला लावायचं, ही माझी सवय. घरीही तेच. हे चिडायचे, पण मुकाट्याने ‘आ’ करायचे. दोन वर्षांत माझ्या हातून एक गोळी चुकली नाही. चुकली ती फक्त रोटांच्या दिवसांत.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे, हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरची रीत जरा जास्त कडक. सासूबाईंनी घालून दिलेली. रोट संपेपर्यंत बाहेरचं काही पोटात जाता कामा नये, चहाचा घोट नको आणि औषधाची गोळीही नको. म्हणून गोळीच्या पहिल्या वर्षी आठ दिवस गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याखालच्या फडताळात पडून राहिलं.

तोवर यांचे पाय महिनाभर दुखत होते. जिना चढताना कठडा धरायचे, खांबाचं काम सोबतच्या कुंदनवर ढकलायचे. मी रोज रात्री तेल चोळत होते. पाचव्या दिवशी सकाळी अंगणात येऊन म्हणाले, “मना पाय हलका व्हई ग्यात व!” आठव्या दिवशी शेजारच्या जीवराम नानांच्या मळ्यात तार तुटली, तर हे कुणाची वाट न बघता खांबावर चढले. नाना खाली उभे राहून हात जोडत होते. “बठ्ठी कानबाईनी कृपा शे,” म्हणाले. मी नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी, देवीने पाय दिलेत तर आता हृदयही नीट राहू दे म्हणून, गोळी पुन्हा सुरू केली. तोंड उघडून दाखवायला लावलं.

पंधरा दिवसांत दुखणं परत आलं.

पुढच्या वर्षी रोट सहा दिवस चालले आणि हेच सगळं पुन्हा झालं. मी काय केलं? दुसरा नारळ फोडला. देवी सहा दिवस घसा फोडून सांगत होती की ती गोळी फेक, आणि मी शहाणी तिची ओटी भरत बसले. त्याच दिवाळीत यांची लघवी काळ्या चहासारखी झाली. स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकलेत, असं दवाखान्यात कळलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. पुढे चार महिन्यांनी पेपरात बातमी आली, कंपनीने ती गोळी बाजारातून परत मागवली. कारण स्नायूंची झीज.

आमचे वकील हितेंद्र अमळनेरचेच, माझ्या अंगणवाडीत शिकलेले. त्यांना मी रोटांची गोष्ट सांगितली तर त्यांनी पेनच खाली ठेवलं.

“अक्का, हे आयोगापुढे बोलू नका. गोळ्या अनियमित घेतल्या, डॉक्टरांना कळवलं नाही, असं ते म्हणतील. आणि बरं वाटल्यावर पुन्हा कोणी दिल्या, हे विचारलं तर?”

“मीच दिल्या.”

“मग ते सगळं तुमच्यावर ढकलतील. तक्रार फेटाळली जाईल.”

मी आठ दिवस गप्प राहिले. तक्रारीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती होती. गोळी थांबली की पाय बरे होतात, ही तारखांची गोष्ट यांनी कधी जुळवलीच नव्हती. यांना अजून वाटत होतं, कानबाईने दोनदा वाचवलं. दोन्ही वेळा बायकोने परत खड्ड्यात लोटलं, हे भरल्या आयोगात माझ्या तोंडून ऐकल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील? पण गप्प राहिले तर अठरा पानांतलं ते वाक्य खरं ठरणार होतं. माझ्या नवऱ्याचे पाय म्हातारपणाने गेले, असा शिक्का मी बसू देणार नव्हते.

जळगावला आयोगाने माझ्या उलटतपासणीची परवानगी दिली होती. कंपनीचे वकील मुंबईहून आलेले, बोलायला गोड. खांबाची उंची, कामाचे तास, सगळं विचारून शेवटी म्हणाले, “म्हणजे त्यांचे पाय कामाने दुखायचे, हे तुम्हाला मान्य आहे?”

“नाही,” मी म्हणाले. “कामाने दुखत असते तर रोटांच्या आठव्या दिवशी खांबावर चढले नसते.”

हितेंद्रांनी डोळे मिटले. मी अध्यक्षा मॅडमकडे बघून सगळं सांगितलं, दोन्ही वर्षांचं, तिथीसकट. वकीलसाहेबांचा चेहरा फुलला.

“म्हणजे गोळी बंद केल्यावर बरं वाटतं हे दिसत असूनही तुम्ही ती पुन्हा दिलीत? तुमच्या हाताने?”

“हो. माझ्या हाताने. दोनदा. मी दहावी शिकलेली बाई, मला ती देवीची कृपा वाटली. माझी चूक मी इथे सगळ्यांसमोर सांगितली.” माझा आवाज चढला होता, आणि मी तो उतरवला नाही. “आता तुमची सांगा. तुमच्याकडे एवढे मोठे डॉक्टर. गोळी बंद केली की माणसं बरी होतात, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?”

“प्रश्न मी विचारायचे असतात, बाई.”

“मग मी विचारते,” अध्यक्षा मॅडम म्हणाल्या. “पहिली तक्रार कंपनीकडे कधी आली, ती फाईल पुढच्या तारखेला हजर करा.”

वकीलसाहेब कागद चाळू लागले. मागे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती. तरी वळले. हे शेवटच्या बाकावर बसून माझ्याकडेच बघत होते. रडत होते, पण नजर हटवत नव्हते. मान हलवली त्यांनी, हो म्हटल्यासारखी.

कामकाज संपलं, मॅडम उठल्या, तसे सगळे उभे राहिले. हे बसूनच. शिपाई लगबगीने त्यांच्याकडे गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “काका, उभे राहा.”

यांनी आवाज मुळीच दबवला नाही. कंपनीच्या वकिलांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, “उठता येत नही, भाऊ. तेनाकरताच आयेल शे.”