निवडलेला नमुना

आमच्या दादाच्या गिरणीतला मका तीन महिन्यांत तीनदा माझ्या प्रयोगशाळेत आला आणि तिन्ही वेळा धुतल्या तांदळासारखा निघाला. मग दादाकडूनच पीठ घेणाऱ्या पाळणाघराने त्याच मक्याचं पीठ तपासायला पाठवलं, तर त्यात बुरशीचं विष मर्यादेच्या चौपट. पाळणाघराने पीठ बंद केलं. चौथा नमुना चांगला आला तर पुन्हा सुरू करणार होते. साहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू भावासाठी आकडे मीच फिरवले. दोन दिवस यंत्र तपासून माझं डोकं उठलं, शेवटी तणतणत गिरणीवर गेले.

वहिनी दाराशी ताट घेऊन बसली होती. चौथा नमुना निवडत होती. काळपट, हिरवट दाणे वाटीत, टपोरे पिशवीत.

हे काय चाललंय, असं विचारलं.

"अगं, तुझ्या ऑफिसात चार लोक बघणार. असला मका पाठवायचा? गिरणीची अब्रू आहे."

मी कपाळावर हात मारला. तीन महिने मी मका नाही, वहिनीची टापटीप तपासत होते. वाटीतल्या दाण्यांचं काय करतेस म्हटलं, तर म्हणे टाकवत नाहीत, पोत्यातच परत ओतते.

आतून दादा म्हणाला, भाजून दळलं की सगळं मरतं. मी शंभराव्यांदा सांगितलं, की बुरशी मरते, विष मरत नाही, आणि लहान मुलांना ते आधी बाधतं. पोती ओल्या फरशीवर नको, फळ्यांवर ठेव, हेही शंभराव्यांदा. पालथ्या घड्यावर पाणी.

"आपल्या घरचं मी निवडूनच दळते हो," वहिनी म्हणाली. "चिमीच्या पोटात वाईट दाणा जाऊ दिला नाही कधी." चिमी तिची दोन वर्षांची नात.

मला भयंकर संताप आला, पण आवाज चढला नाही.

"वहिनी, चिमी दुपारी कुठे जेवते?"

तिचा हात ताटातच राहिला. तिने विचारलं, "तीन महिने?"

मी मान डोलावली.

ती उठली आणि तिने गिरणीचं बटण बंद केलं. दळण अर्धवट राहिल्याबद्दल दादा कुरकुरला, तिने लक्ष दिलं नाही. वाटीतले काळे दाणे तिने पिशवीत ओतले आणि पिशवी माझ्यापुढे धरली. "घे. नापास कर."

त्यालाही नमुना म्हणत नाहीत, असं मी चिडूनच सांगितलं. प्रत्येक पोत्यातून घ्यावा लागतो, वरून, मधून, तळातून. तिने एकेक पोतं सोडलं. मी मूठ मूठ काढत गेले. काळा दाणा दिसला तरी तिचा हात पुढे आला नाही.